अंगठ्याला बांधलेली दोरी

अंबिगर अण्णांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक खाच होती. नखाच्या खाली, जोडवं घालावं अशा जागी, गोल फिरलेली. गळाची नायलॉनची दोरी वर्षानुवर्षं तिथून गेली होती. अण्णा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसायचे, दोन्ही हातांत वल्ही, उजवा पाय लांबवलेला, आणि अंगठ्यातून निघालेली दोरी होडीमागे पाण्यात. दोरीच्या टोकाला गळ लावलेला स्टीलचा चमचा. होडी चालली की चमचा लुकलुकत मागोमाग यायचा आणि एखादा शिंगाळा मासा त्याला जखमी मासोळी समजून तोंड घालायचा. "हाताला काम हाय, डोळ्याला काम हाय. रिकामा कोण? अंगठा," अण्णा म्हणायचे. "मासा आदी अंगठ्याला सांगतोय. मग मला. मी निंगव्वाला सांगेपर्यंत गावाला कळलेलं आसतंय." निंगव्वा म्हणजे त्यांची बायको.

अंबिगर म्हणजे कानडीत नावाडी. अण्णांची होडी चालायची तो तलाव दुधनीच्या अलीकडे, कर्नाटकच्या सीमेलगत आहे. काठच्या गावातली माणसं वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. तिथं अण्णांना कुणी रेशनकार्डावरच्या नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्यांच्यावर लिही, असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं. मी टाळत आले, कारण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं. ते गाळून लिहिलं तर ते आणखी एक पत्रक होईल. पत्रकं मी पुष्कळ लिहिली आहेत.

मी सोलापूर शहरातली. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला. जयंतीच्या पत्रकांचे गठ्ठे घरोघर वाटत मोठी झाले आणि लिहायलाही त्यांच्यातूनच शिकले. 'सर्व', 'तत्काळ' आणि 'कडक' हे तीन शब्द ज्यात नाहीत ते पत्रक मला पत्रकच वाटत नसे. तर त्या तलावात मासेमारीच्या ठेकेदाराची माणसं मच्छरदाणीसारख्या जाळ्यानं बोटभर पिल्लं उपसतात, अशी तक्रार मी काम करत होते त्या आंदोलन समितीकडे आली. मी गेले. काठाला पत्र्याची होडी होती, तीत एक म्हातारा फडक्यानं पाणी टिपत बसला होता. मी मोबाइल सरसावला आणि चपलांसकट होडीत पाय टाकला.

"पास हाय?" त्यानं वर न बघता विचारलं.

"कसला पास? मी मासे धरायला नाही आले."

"मग चपला काढ. पास न्हाय तर निदान चपला तरी काढ की."

अण्णांच्या पासबद्दल सांगितलं पाहिजे. मत्स्य खात्यानं दिलेला मासेमारीचा वर्षाचा कागद, दुधाच्या पिशवीत घडी करून बंडीच्या आतल्या खिशात. अण्णांना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत काय छापलंय ते पाठ होतं. तिसऱ्या ओळीत होडी, चौथ्या ओळीत गळ आणि दोरी. काठावर कुणी अनोळखी माणूस गळ टाकून बसलेला दिसला की अण्णा होडी तिकडे वळवायचे, पिशवीतून स्वतःचा पास काढून त्याच्यासमोर धरायचे आणि मग त्याचा मागायचे. समोरचा गोंधळायचा. हा म्हातारा साहेब आहे की चोर, हेच त्याला कळायचं नाही. मी एकदा म्हणाले, "अण्णा, तुमचा कशाला दाखवता? तुम्हाला कोण विचारतंय?" तर म्हणाले, "आदी आपला दाखवायचा. मग दुसऱ्याचा मागायला तोंड राहतंय."

रविवारी सोलापुरातून हौशी मंडळी यायची. भारी काठ्या, डोक्यावर टोप्या, बर्फाच्या पेट्या. एकेका होडीत चार चार काठ्या खोचून, चार दोऱ्या मागे सोडून मजेत फिरायची. अण्णांचा नियम एका माणसाला एक दोरी, एक चमचा. ते त्या मंडळींच्या होडीला होडी लावून म्हणायचे, "चार दोऱ्या सोडून जाणारा मासे धरत न्हाय सायब, तलाव झाडतोय. झाडायचंच आसंल तर आमच्या गल्लीत या, निंगव्वा खराटा देईल." साहेब हसायचे, पण दोन दोऱ्या तरी गुंडाळायचे. पासात लिहिलेले नियम कुठले आणि अण्णांच्या घरचे कुठले, हे मला कधी नीट वेगळं करता आलं नाही. दुसऱ्याच्या जाळ्याच्या तरंगत्या बाटल्या दिसल्या की आपली दोरी वर ओढून घ्यायची आणि लांबून जायचं. बांधाच्या भिंतीच्या आणि पाणी सोडायच्या दरवाजाच्या बाजूला फिरकायचं नाही. वळायचं ते म्हैस वळवल्यासारखं, सावकाश, मोठ्या वळणानं, नाहीतर दोरी आपल्याच वल्ह्यात. चाल बैलगाडीची. जोरात हाणली तर चमचा पंख्यासारखा गरगरतो "आन् मासे हसतेत". हळू पडलात तर तो खाली जाऊन बुडालेल्या बाभळीत अडकतो. अडकलाच तर तोडायचा नाही, उलट जाऊन सोडवून आणायचा, कारण मागे राहिलेला गळ "मालक न्हाय तरी मारतच राहतोय".

पावसाळ्यात होडी काठावर पालथी. खालून डांबर लावून अण्णा तिच्या सावलीत बसायचे आणि पाण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायचे. "आत बाळंतपण चाललंय. आत्ता जायाचं न्हाय." पोटात अंडी असलेली मासळी चुकून आली तर तिला दोन्ही हातांत धरून पाण्यात सोडताना ते कानडीत काहीतरी पुटपुटायचे. काय म्हणता, असं विचारलं तर लाजले. "चुकलं म्हणलो. दुसरं काय म्हणणार?"

घरात मात्र अण्णा पक्के चोर. चमचे चोरायचे. जेवणाच्या चमच्याचा दांडा कापायचा, वाटीचा भाग कानशीनं घासायचा, दोन भोकं पाडायची, एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला गळ. बाजारात मिळणारा तयार चमचा त्यांना चालायचा नाही. त्याला म्हणे चव नसते. निंगव्वा आल्यागेल्याला पोहे द्यायची ते हातानं खायला. "चमचा मागू नगं बाई. हितं माणसाच्या आदी मासे जेवतेत चमच्यानं." पुढं पुढं मीच सोलापुरातून चमचे नेऊ लागले. माझी आई डबा उघडून मोजायची आणि माझ्याकडे बघायची. मी पहिल्यांदा नेलेला चमचा अण्णांनी उलटसुलट केला, उन्हात धरला आणि म्हणाले, "आईचा दिसतोय. घासून घासून पातळ झालाय. हा नाचंल."

त्याच होडीतून अण्णांनी मला पुरावा दाखवला. भर दुपारी, गाव जेवायला गेलेलं असताना, ठेकेदाराच्या दोन होड्या एकमेकींपासून लांब राहून चालत होत्या आणि मधे ते बारीक डोळ्याचं जाळं ओढलं जात होतं. मी लांबून चित्रण केलं. त्यांनी जाळं काठावर उपसलं तेव्हा त्यात बोटाएवढी पिल्लं होती, ओंजळी ओंजळीनं, ओल्या तांदळासारखी. अण्णांनी वल्ही थांबवली होती. "पुढच्या तीन वर्षाचं जेवण एका दिवसात वडलं बघ," एवढंच म्हणाले. मला भयंकर संताप आला होता. संताप खरा होता, हे मी आजही सांगेन. चूक संतापात नव्हती.

पत्रक मी त्याच रात्री लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी छापायला देण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं, त्यांच्या ओसरीवर. निंगव्वानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली होती. मी खणखणीत आवाजात वाचलं. शेवटी मागणी होती: 'सदर तलावात चालत्या होडीमागे ओढून केली जाणारी सर्व प्रकारची मासेमारी तत्काळ बंद करून दोषींवर कडक कारवाई करावी.'

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता ठेवला. "सगळी म्हणू नगं, अव्वा." मुलीबाळींना ते अव्वा म्हणत. "जाळं म्हण. बारीक डोळ्याचं जाळं म्हण. मी बी ओढतोय की."

"तुमचं वेगळं आहे अण्णा. तुमचा एक गळ."

"तेच म्हणतोय. येगळं हाय तर येगळं लिही."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "अण्णा, मागणीला फाटे फोडले की मागणी बारगळते. साहेब लोक फाट्यातूनच पळतात. एकदा बंद होऊ दे, मग बघू." मी शिकलेली, शहरातली, भांडायला घाबरत नाही अशी. अण्णांना वाटलं असेल, हिला कळत असेल. ते म्हणाले, "बरं. तुमचं तुमाला म्हाईत." आणि तो भाकरीचा तुकडा त्यांनी चटणीत बुडवला.

आम्ही लढलो, चांगले लढलो. ठिय्या दिला, चित्रण गावोगाव फिरवलं, ठेकेदाराच्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या, आणि आदेश निघाला. गावात सभा घेतली. अण्णांना मी आग्रहानं व्यासपीठावर बसवलं. धुतलेलं धोतर नेसून ते आले होते. शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, आणि मग मी माइकवरून आदेश वाचला. चालत्या होडीमागे कोणतंही साधन ओढून केल्या जाणाऱ्या सर्व प्रकारच्या मासेमारीस मनाई. अधिकाऱ्यानं माझंच वाक्य उचलून आदेशात ठेवलं होतं. मला केवढा अभिमान वाटला होता! टाळ्या संपायच्या आत शेजारून अण्णांचा आवाज आला, हळू, फक्त मला ऐकू येईल असा.

"यात मी बी आलो की."

"अहो तुम्हाला कोण धरतंय अण्णा!" मी म्हणाले, आणि पुढच्या वक्त्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अण्णा खात्याच्या ऑफिसात गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीतून पास काढला आणि आदेशाप्रमाणे दुरुस्त करून द्या म्हणाले. तिथल्या कारकुनानंही त्यांना परत जा म्हणून सांगितलं होतं म्हणे. अण्णा हलले नाहीत. शेवटी कारकुनानं चौथ्या ओळीवर रेघ मारली आणि शिक्का उठवला. होडी राहिली, गळ आणि दोरी गेली. मला हे आठ दिवसांनी निंगव्वाकडून कळलं. मी धावत गेले आणि अण्णांवरच चिडले.

"कशाला गेलात? कोण बघणार होतं तुम्हाला?"

"सोळा वर्षं मी दुसऱ्याचा पास बघितलो," अण्णा म्हणाले. "आता माझा कोण बघत न्हाय म्हणून दोरी टाकू?"

"मग काठावर बसून गळ टाका. त्याला मनाई नाही."

"काठावरनं मला येत न्हाय, अव्वा. बसून मासा धरायचं ते बगळ्याचं काम."

आणि ठेकेदार? त्याच्या माणसांनी होड्या बांधून ठेवल्या. जाळ्याची दोन टोकं धरून छातीएवढ्या पाण्यातून पायी चालायला लागले. तेच जाळं, तीच पिल्लं. होडी नव्हती, त्यामुळे आदेश त्यांना लागत नव्हता. रविवारची हौशी मंडळी काठावर काठ्या रोवून बसू लागली. अख्ख्या तलावावर माझ्या पत्रकामुळे बंद झालेला माणूस एकच. मी ऑफिसात गेले, टेबलावर हात आपटला. साहेबांनी फाइल उघडून माझं निवेदन माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आम्ही काना-मात्रासुद्धा बदलला नाही." त्यांना शिव्या द्याव्यात असं त्यात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या ऑफिसातून न भांडता बाहेर पडले.

माझ्या वडिलांनीच अण्णांना चिंचोळीला काम मिळवून दिलं, एका कारखान्याच्या फाटकावर. माझ्या सांगण्यावरून. मला वाटलं, चला, काहीतरी भरपाई झाली. काम काय, तर आत जाणाऱ्याचा पास बघायचा. अण्णा तिथंही आधी आपलं ओळखपत्र दाखवायचे आणि मग समोरच्याचं मागायचे. कामगार हसायचे, पण त्यांना जीव लावायचे. मी भेटायला गेले की अण्णा खुर्चीत ताठ बसलेले असायचे, खाकी शर्ट, आणि पायात बूट. बूट सक्तीचे होते. जन्मभर अनवाणी वावरलेला तो पाय, ती खाच, सगळं त्या काळ्या बुटात बंद. "टोचत नाहीत ना?" मी विचारलं. "काय कळतच न्हाय आता," अण्णा हसून म्हणाले. "लई गुणाचे बूट हायत."

कळत नव्हतं, कारण साखर होती. ती त्यांना असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. बुटानं उजव्या अंगठ्याला जखम केली, ती आत चिघळत गेली, आणि ज्या अंगठ्याला पाण्याखालच्या चमच्याची थरथर कळायची त्याला स्वतःची जखम कळली नाही. सोलापूरच्या दवाखान्यात अंगठा काढला. बुटाची सक्ती कुणाची, साखर कुणाची, हे सगळं मी मला हवं तसं मांडू शकते. मांडणी मला जमते. पण त्या फाटकापर्यंत अण्णांना मी नेलं. दवाखान्यात निंगव्वा मला एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं मला चहा विचारला.

आदेश दुरुस्त करून घ्यायला मला तो काढून घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. त्या वेळी माझ्या मागे मोर्चा नव्हता. एका म्हाताऱ्याच्या एका दोरीसाठी कोण ठिय्या देणार? एकटी हेलपाटे घालत राहिले. दर वेळी एकच कागद: बारीक डोळ्याचं जाळं होडीतून असो वा काठावरून, बंद; एका परवानाधारकाला चालत्या होडीमागे एक दोरी, एक गळ, मुभा. फाटे फोडलेली मागणी. शेवटी ती मंजूर झाली.

आदेशाची प्रत आणि चौथी ओळ पुन्हा घालून घेतलेला अण्णांचा पास घेऊन मी गावी गेले. अण्णा काम सोडून घरी आले होते, ओसरीवर काठी टेकून बसले होते. मी वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"सगळी हा शब्द हाय?"

"नाही अण्णा."

"जाळं लिवलंय?"

"लिहिलंय. बारीक डोळ्याचं. काठावरचंसुद्धा."

"आता नीट लिवलीस," अण्णा म्हणाले. मग उठले. "चल. पास हाय, पाणी हाय."

होडीखाली निंगव्वाच्या कोंबड्या राहत होत्या. त्यांना हाकललं, होडी उलटली, दोघा गावकऱ्यांनी पाण्यात लोटली. वल्ही मी घेतली. माझ्यापुढे, मागच्या टोकापाशी, माझ्याकडे पाठ करून अण्णा बसले. दोरीला तोच चमचा होता, माझ्या आईचा, पातळ झालेला. उजवा पाय त्यांनी दुमडून घेतला. डावा लांबवला, डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तिच्यावर दोरीचं वेटोळं घातलं आणि चमचा सोडला. मी बैलगाडीच्या चालीनं वल्हवत होते. अण्णा बोलत होते. इथं खाली विहीर हाय, इथनं पुढं बाभळी, जरा वड. खूप दिवसांनी बोलत होते.

आणि दोरी ताणली गेली. मला त्यांच्या खांद्यावरून स्पष्ट दिसलं. सैल दोरी सरळ झाली, तिच्यावरून पाण्याचे थेंब उडाले, एकदा, पुन्हा एकदा. पट्टी अंगठ्यात रुतली, कातडी पांढरी पडली. अण्णा पाण्याकडे बघत निंगव्वाच्या कोंबड्यांबद्दल काहीतरी सांगत होते. त्यांची नजर अधू झाली होती, आणि आता हा पायही त्यांना काहीच सांगत नव्हता. तिसरा झटका आला. मग दोरी सैल झाली.

थोड्या वेळानं त्यांनी मान अर्धी वळवली. "आज कोण न्हाय वाटतं तितं."

गप्प बसणं मला कधी जमलं नाही, असं माझे मित्र म्हणतात, शत्रूही म्हणतात.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "आज कुणी नाही." आणि वळायची जागा आली तशी होडी मोठ्या वळणानं, म्हैस वळवल्यासारखी, सावकाश वळवली.